कर्नलबाईंची वही

कोणतीही वस्तू सही घेतल्याशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ नये, असं मानणारी व्यक्ती अख्ख्या नोएडात एकच असेल, आणि ती नेमकी आमच्या शेजारच्या फ्लॅटात राहते. या कर्नलबाई मूळच्या नागपूरच्या. लग्न केलं नाही. उमेदीची सगळी वर्षं फौजी इस्पितळांत परिचारिका अधिकारी म्हणून काढली. तिथे पाळी बदलताना कात्र्यांपासून रुग्णांपर्यंत सगळं मोजून पुढच्या सिस्टरच्या ताब्यात द्यायचं असतं. बाई निवृत्त झाल्या, सवय निवृत्त झाली नाही. एकदा नागपूरला जाताना त्यांनी माझ्याकडे झाडं सोपवली, तीही ‘तुळस एक, मोगरे दोन, पैकी एक आजारी’ अशी यादी करून. केंद्र सरकारच्या कचेरीत मी जन्मभर सह्या केल्या, पण इतक्या भीत भीत कधीच नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्यायची, मोठ्या इस्पितळात तपासणी करायची आणि मंजुरीला परत दवाखान्यात यायचं, असा मार्ग होता. सोबत मी गेलो. पहिल्याच खिडकीवरच्या बाबूने कार्डाकडे न बघता बाईंना सांगितलं, साहेबांना पुढे पाठवा; साहेब म्हणजे मी. बाई म्हणाल्या, “फौजी मैं हूँ.” तो हसला आणि पुढचं सगळं त्याने मलाच समजावलं. शाळेत कवायतीला दांडी मारणारा मी फौजी, आणि बर्फातल्या तंबूत जखमी जवान सांभाळणारी ही बाई म्हणे माझ्यावर अवलंबून! त्या बाबूची मला अजून चीड येते. त्याहून जास्त स्वतःची येते, कारण काम लवकर उरकावं म्हणून मी मान डोलावली होती.

गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट तीन आठवडे आलाच नाही. इस्पितळ म्हणायचं, दवाखान्याकडे पाठवला. दवाखाना म्हणायचा, तुम्हीच आणायचा असतो. शेवटी तो इस्पितळातच एका टेबलावर सापडला. कर्करोग होता. गाठ काही कोणाच्या मंजुरीसाठी थांबली नव्हती. बाई रडतील असं मला वाटलं, पण त्या संतापल्या होत्या.

“भाऊ, माझ्या वॉर्डात एक कात्री हरवली तर मी ड्यूटी संपवून घरी जात नव्हते. इथे अख्खी बाई हरवली आणि सगळे पाच वाजता घरी गेले.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही सुरू केली. ‘रुग्ण एक, स्त्री, निवृत्त अधिकारी, चालतीबोलती. कोणी सोपवली, कोणी ताब्यात घेतली, पुढे कोणाला सोपवली, कधी.’ प्रत्येक खिडकीवर त्या ही वही पुढे करायच्या. सही मिळेपर्यंत पाय फाकवून, हात मागे बांधून विश्रामच्या पवित्र्यात उभ्या राहायच्या. रांग कुरकुरायची, बाबू चिडायचे, एकाने तर सुरक्षारक्षकाला बोलावलं. तो माजी सैनिक निघाला आणि त्याने बाईंना सॅल्यूट ठोकला. पण गंमत अशी, की ज्याने सही केली तो पुढच्या टेबलाला फोनही करू लागला. इतके दिवस कोणाचीच नसलेली बाई आठवडाभरात कोणाची तरी झाली. हे व्हायला आजारी माणसाला स्वतःच वही घेऊन फिरावं लागतं, याची लाज कोणाला वाटली असेल तर ती मला दिसली नाही.

शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना वॉर्डातल्या तरुण सिस्टरने हसत वहीत लिहिलं, “रुग्ण एक, सोपवली.” बाईंनी वही मागून घेतली आणि खाली शेरा मारला: ‘डावा स्तन कमी. बाकी सामान पूर्ण.’ मग ती माझ्यापुढे धरली. ‘ताब्यात घेतली’ या शब्दांपुढे मी सही केली, आणि या वेळी मान डोलावली नाही, बाईंना सॅल्यूट केला. तो चुकीचा झाला असणार, कारण त्यांनी माझं कोपर धरून हात नीट केला.

वही आता माझ्याकडे असते. तपासण्यांच्या तारखा मीच लिहितो आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांच्या रेडिओचा आवाज येतो ना, तेवढं ऐकून घेतो. माझ्या सहीपुढचा ‘पुढे कोणाला सोपवली’ हा रकाना कोरा आहे. तो कोराच राहावा, एवढंच मला वाटतं.