मेव्हण्याची कंबर

त्याला सगळे दाजी म्हणत. खरं तर तो दाजी एकट्या मेव्हण्याचा. पण मेव्हणा कोर्टावर दर चेंडूला "दाजी, तुमचा", "दाजी, सोडा" असा ओरडत राही. ते ऐकून समोरचे खेळाडू, देशोदेशीचे पंच, सगळेच त्याला दाजी म्हणू लागले. हे नाव नसून नातं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दाजी सदतिसाव्या वर्षी टेनिसवर पोट भरत होता, आणि तेही फक्त दुहेरीवर. एकेरी गुडघ्यांनी केव्हाच सोडायला लावली होती. तो खेळायचा त्या स्पर्धा दुसऱ्या फळीच्या. तिथे खेळाडू आपले मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतो आणि खिडकीत वाळवतो. दुहेरीच्या सामन्याला प्रेक्षक म्हणून कुणाची तरी बायको असते, नाहीतर सकाळीच हरलेला एखादा, गाडी येईपर्यंत सावलीला बसलेला. पण जाळीजवळ उभा राहिला की दाजी वेगळाच माणूस व्हायचा. काठावरचा बगळा हलताना दिसत नाही आणि मासा मात्र चोचीत असतो, तसं त्याचं होतं.

मेव्हणा बायकोचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. सासरच्या अंगणात बादली पालथी घालून तिच्यावर नेम धरायला त्याला दाजीनंच शिकवलं होतं. पोरगा एकेरीत पुढे जाणार हे दाजी जाणून होता. तोवर दोन वर्षं आपल्या जोडीला राहील, एवढंच त्यानं धरलं होतं.

आणि त्या शनिवारी दोघं अंतिम फेरीत पोचले. हा सामना जिंकला, तर दोघांचे मिळून एवढे गुण होत होते की मोठ्या स्पर्धेच्या दुहेरीत थेट प्रवेश. दाजी तिथे उभ्या जन्मात खेळला नव्हता. तिथे नावं द्यायची मुदत सोमवारी संपणार होती. पुढच्या वर्षाचा भरवसा त्याचे गुडघे देत नव्हते.

पहिला सेट गेला, दुसरा त्यांनी घेतला. आता दहा गुणांचा शेवटचा टायब्रेक तेवढा उरला होता. दाजी पाणी पिऊन उठला, तर मेव्हणा बाकावरच कंबर धरून बसलेला.

"काय झालं रे?"

"धरली, दाजी."

फिजिओ आला, त्यानं दाबून पाहिलं. दाजीनं पंचांकडून वेळ मागून घेतला आणि बर्फाची पिशवी स्वतःच्या हातानं पोराच्या कमरेला बांधली.

"दहा गुण आहेत. तू नुसता उभा राहा. मी दोन्हीकडचं बघतो."

"वाकता येत नाही, दाजी."

"नको वाकूस. वाकायचे सगळे चेंडू माझे."

मेव्हण्यानं मान वर केली नाही. उठला, पंचांकडे गेला आणि हात पुढे केला. त्यानं सामना सोडला होता. बक्षीस वाटपाला दाजी एकटाच उपविजेत्यांची दोन तबकं धरून उभा राहिला. एक स्वतःचं, एक कंबर दुखावलेल्या पोराचं.

संध्याकाळी तो औषधाचं मलम घेऊन खोलीवर गेला, तर खोली रिकामी. खाली स्पर्धेच्या गाडीचा ड्रायव्हर काच पुसत होता.

"तुमचे मेव्हणे ना? विमानतळावर सोडून आलो की. घाई केवढी, बॅग मला उचलू दिली नाही. स्वतःच डिकीत फेकली."

"कंबर धरून बसला असेल ना?"

"कंबर? नाही बुवा. उद्या सकाळी मॅच आहे म्हणून फोनवर सांगत होते. गाडी तर त्यांनी कालच सांगून ठेवली होती."

दाजी पायरीवर बसला. मलमाची नळी खिशात सरकवली आणि बायकोला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"तुझ्या भावाची कंबर धरली," तो म्हणाला.

ती म्हणाली, "जेवलात का?"

"तुला माहीत होतं."

"काल फोन आला होता त्याचा. दुसरीकडच्या एका स्पर्धेत एकेरीच्या पात्रता फेरीतून कुणी माघार घेतली, जागा झाली. ताई, काय करू म्हणाला. मी म्हटलं, जा."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हसून जा म्हणाला असतात आणि आठवडाभर नीट जेवला नसतात. मला ठाऊक नाही का तुम्ही?"

"दहा गुण होते फक्त."

"विमान थांबतं का हो कुणासाठी? तो बावीसचा, तुम्ही सदतीसचे. मी कुणाचं बघायचं?"

त्यात खोटं काही नव्हतं. तेच त्याला जास्त सललं. दोघांनी मिळून त्याचं वजन करून टाकलं होतं आणि त्याला काट्यापाशी बोलावलंही नव्हतं. ज्या घरात परतायचं, त्या घरानंच आदल्या रात्री त्याला हरवून ठेवलं होतं. आणि तो मात्र दुसऱ्या दिवशी उन्हात जीव तोडून खेळत राहिला.

मेव्हणा पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरला. पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेला दोघांची नावं आधीच दिलेली होती, म्हणून मंगळवारी तो तिथे हजर झाला.

"रागावलात, दाजी?"

"कंबर कशी आहे?"

"बरी आहे."

"असणारच."

सामना सुरू झाला. सर्व्हिस मेव्हण्याची होती. दाजी पुढे गेला नाही, मागच्या रेषेवर त्याच्या शेजारीच उभा राहिला.

"दाजी, जाळीवर जा ना."

"इथं बरा आहे."

"असं कसं खेळायचं?"

"तिथून तू काय करतोस ते दिसत नाही मला."

पंच हसले, त्यांना डावपेच वाटला. मेव्हणा हसला नाही. समोरच्यांनी मोकळ्या जाळीपाशी येऊन आरामात चेंडू टाकले, आणि तासाभरात दोघं बाहेर पडले.

हस्तांदोलन झाल्यावर मेव्हणा दाजीची बॅग उचलायला पुढे झाला. दाजीनं पट्टा सोडला नाही.

"पुढच्या आठवड्यात खेळायचं ना आपण?" पोरानं खाली बघत विचारलं.

"ताईला विचार," दाजी म्हणाला. "तुमचं काय ते ठरलं की मला कळवा."