दिल्ली जवळ, कागल लांब

दिल्ली ते बेळगाव विमानाला अडीच तास लागतात. त्या दिवशीही तेवढेच लागले. कागलला दिलेली माझी आक्का सकाळी गेली होती. आमच्यात माहेरची साडी नेसवल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. म्हणून मी आधी बेळगावातच वडगावला घरी गेलो, आमच्याच मागावरची हिरवी कोरी साडी घेतली आणि बस पकडली.

महाराष्ट्राची हद्द लागायच्या आधी, कोगनोळीला कर्नाटकच्या पोलिसांनी बस अडवली. सीमेवरून पुन्हा पेटलं होतं. बहीण गेलीय, हे मी त्या पोलिसाला मराठीत सांगितलं, कन्नडात सांगितलं, हिंदीतही सांगितलं. त्याला तिन्ही कळत होत्या.

"वरनं ऑर्डर हाय."

चालत जातो म्हटलं, तर त्यानं काठी आडवी धरली. मी साडी त्याच्यासमोर उलगडली. "बघा, ह्यात काय दडवलंय?" त्यानं तोंड फिरवलं. कागल समोर, दोन-अडीच कोसांवर होतं.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. "लई वाट बघितली. दिवस बुडाय आलाय. दुकानातनं साडी आणू काय?"

"आणा," म्हणालो.

पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणणाऱ्या घरातली लेक शेवटी दुकानातल्या साडीत जळाली.