देवाकडे तोंड करणारं कासव

भिंगारच्या बाजारात बदली झालेल्या साहेबांच्या घरचं जुनं सामान विकणारं एक दुकान होतं. दुष्काळाच्या त्या वर्षी विहिरी आटल्या, तेव्हा दुकानदारानं काचेच्या पेट्यांशेजारी बादलीत कासवंही विकायला ठेवली. तिथं एकदाच भेटलेले काळ्या टोपीचे एक गृहस्थ मला अजून आठवतात.

त्यांना देवघरासमोर ठेवायला जिवंत कासव हवं होतं. पण देवळातल्या दगडी कासवासारखं, कायम देवाकडे तोंड करून राहणारं.

"नदीचं लई फिरतं," दुकानदार म्हणाला. "हे विहिरीचं गरीब हाय."

"मग विहिरीचंच द्या."

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "अहो, पेटी तरी मोठी घ्या. त्याला वळता येईल."

"वळू नये म्हणूनच अरुंद घेतोय," असं म्हणत त्यांनी आधी कासव आणि मग पेटी वितीनं मोजली.

पेटीत ठेवल्यावर कासवानं वळायचा प्रयत्न केला, ते दोन्हीकडे काचेला धडकलं आणि त्यानं मान आत ओढून घेतली.

"बघा, नमस्कार केला," गृहस्थ मला म्हणाले. "समजूतदार जात आहे. घरात लगेच रुळेल."

बाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला, कासवासकट पेटी उचलली आणि त्या त्यांच्या मागून चालू लागल्या.