भेट त्याच दिवशी वापरायची!

कुवेतमध्ये दोन गोष्टी न सांगता साठत जातात. पलंगाखाली रिकामे खोके आणि डोक्यात किस्से. खोके निदान सुट्टीला गावी जाताना उपयोगी पडतात. किस्से मात्र कुणी चहाला आलं की बाहेर पडतात, आणि आमच्या मंगफच्या फ्लॅटमध्ये चहाला सतत कुणीतरी असतंच. त्यातून दिवाळी जवळ आली की विषय एकच, यंदा कुणाच्या घराला काय द्यायचं? आणि हा विषय निघाला की तात्या निघतातच!

तेव्हा आज तात्यांचंच सांगते. खोटं वाटलं तर मंदारला विचारा. मंदार म्हणजे माझा नवरा. पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर आहे, त्याला काही रंगवून सांगताच येत नाही.

* * *

आधी आमचा नियम सांगते, कारण तो माझ्यामुळे झाला.

क्षिप्रा ही माझी मैत्रीण, सलवाला राहते. ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मी तिला चहा दिला तो कान तुटलेल्या मगात. तेवढ्यात तिला पलंगाखालचा खोका दिसला. चोवीस कपांचा, सोनेरी काठाचा सेट!

"अगं, हे काय?"

"ते पुण्याच्या घरासाठी."

"पुण्याच्या घरी कोण असतं?"

"कुणी नाही. कुलूप आहे."

क्षिप्राने मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे चांगल्या कपातून कुलूप चहा पिणार म्हण की!"

असा राग आला मला! कारण बाई खरं बोलली होती. अकरा वर्षं आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून पुण्यातल्या बंद फ्लॅटसाठी सोफ्याची कव्हरं घेत होतो. इथल्या आपल्या लोकांना हा आजारच आहे. चांगलं दिसलं की ते 'इंडियाच्या घरासाठी'!

मग त्या वर्षी चार घरांनी मिळून ठरवलं. दसऱ्याला चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचं नाव येईल त्याला दिवाळीनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, भेट द्यायची. भेट घरासाठीच हवी आणि मिळाली त्याच दिवशी वापरायची. खोक्यात परत ठेवली तर पुढच्या वर्षी सगळ्यांना जेवण घालायचं.

* * *

आता तात्या. मंदारच्या प्लांटवर एका कॉन्ट्रॅक्टरकडे ते सुतार आहेत. गाव मालवणच्या बाजूचं. बावीस वर्षं कुवेतमध्ये झाली, पण राहायला अजून एका खोलीत सहाजण. त्यातला एक पलंग आणि भिंतीवरची एक खुंटी एवढी तात्यांची जागा; इथे त्याला 'बेड स्पेस' म्हणतात. शुक्रवारी ते आमच्या घरांमधले पडद्याचे रॉड, दारांच्या बिजागऱ्या असलं काही बघायला येतात. एकदा चिठ्ठ्या काढताना ते स्टुलावर चढून ड्रिल मारत होते, म्हणून आम्ही त्यांचंही नाव टाकलं. तेव्हापासून ते आमच्यातलेच.

दर वर्षी तात्या कार्गोने गावी एक खोका पाठवतात. कप, काचेची भांडी, दिवे, चादरी, दोन माणसांना उचलायला लागेल असं ब्लँकेट! फुटणाऱ्या वस्तू ते स्वतःच्या जुन्या शर्टांत गुंडाळतात. मी बबल रॅप देऊ केला तर म्हणाले, "कशाक? शर्ट फाटलेलोच आसा. कपाक तरी उपयोगी पडांदे."

आणि गावी त्यांची बायको, म्हणजे शालिनीकाकी, ते सगळं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावतात. दर दोन वर्षांनी तात्या महिनाभर सुट्टीवर जातात, तेव्हासुद्धा कपाट बंद! एकदा आमच्या घरातून व्हिडिओ कॉल लावला होता, तेव्हा मीच काकींना विचारलं.

काकींनी कमरेची किल्ली वाजवून दाखवली. "एका म्हयन्यासाठी कशाक काढूचा? हे पावण्यासारके येतत. कायमचे येतले तेव्हा काढतलंय."

फोन बंद झाल्यावर तात्या बराच वेळ हातोडी पुसत बसले. मग म्हणाले, "वयनी, मी धाडलेली एकतरी वस्तू तिना वापरूक होयी. बाकी माका काय नको."

बावीस वर्षांत या माणसाने एवढंच मागितलं होतं.

* * *

पहिल्याच वर्षी तात्यांना चिठ्ठी आली क्षिप्राची! मला घाम फुटला. क्षिप्राचं घर म्हणजे सगळं बेज. भिंती बेज, सोफा बेज, उशी हलवायची तर तिची परवानगी काढावी लागते. तिथे तात्या काय देणार?

"तात्या, मी येऊ का तुमच्याबरोबर दुकानात?"

"दुकानात कशाक? आधी घर बघूक होया ना!"

बिजागरीच्या निमित्ताने ते सलवाला जाऊन आले. माप नाही, प्रश्न नाही. पंधरा मिनिटं थांबले, बिजागरी बसवली आणि निघाले.

शुक्रवारी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी क्षिप्रापुढे ठेवलं. स्वतः बनवलेलं वीतभर उंचीचं, कडा गोल केलेलं सागवानी बैठं स्टूल. क्षिप्रा बिचारी कसंनुसं हसली. "छान आहे हो, तात्या. पण ठेवू कुठे?"

"गॅलरीच्या दाराकडे. आवशीचो फोन इलो की तुमी थयसर चपलांच्या रॅकवर बसतास."

क्षिप्रा एकदम खालीच बसली. वडील गेल्यापासून तिची आई रोज संध्याकाळी फोन करते, आणि ही त्या कोपऱ्यात बसून बोलते, रडून घेते आणि तोंड धुऊन आत येते. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं! तात्या पंधरा मिनिटं काय ते त्या घरात होते, त्यात तो फोन आला असणार.

माझ्या अंगावर काटा आला. अजूनही येतो. त्या बेज घरात ते सागवानी स्टूल आजही तिथेच आहे, आणि त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नाही.

* * *

पुढच्या वर्षी मी हट्टच धरला की माझी खरेदी तात्यांनी करून द्यायची. गेलो एगैलाच्या मॉलमध्ये.

मी सुवासिक मेणबत्त्यांपाशी थांबले. तात्यांनी एक हुंगली आणि ठेवून दिली. "ह्याच्यापेक्षा आमची उदबत्ती बरी."

मी अरबी कॉफीचा सेट उचलला. "कॉफी कोण पिता तेंच्याकडे?" माझ्या चिठ्ठीतल्या घरी कुणीच पीत नव्हतं. सेट परत!

उशांच्या विभागात मात्र तात्या रंगले. एकेक उशी गालाला लावायची, डोळे मिटायचे, मान हलवायची, पुढची घ्यायची. लोक बघायला लागले. मी आपली दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी पडदे बघत उभी. काउंटरवरची फिलिपिनो मुलगी हसत पुढे आली. "सर, फॉर युवर होम?"

तात्या ऐटीत म्हणाले, "नो होम. बेड स्पेस!"

मी खो खो हसले. पार्किंगमध्ये पोचेपर्यंत ते हसू कुठे गेलं मला कळलं नाही.

* * *

त्याच वर्षी तात्यांकडे आमच्या घराची चिठ्ठी होती, आणि पठ्ठ्याने मॉलभर फिरताना चेहऱ्यावर दिसू दिलं नाही! भेट काय, तर भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा एक छोटा पिवळा दिवा. माणूस जवळ आला की आपोआप लागणारा.

मी म्हटलं, "तात्या, अहो दिवे आहेत की घरात!"

"दाराकडे नाय. सायब काळोखात बूट घालतत."

मी मंदारकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मॉर्निंग शिफ्ट असली की तो पहाटे चारला उठतो. माझी आणि आमच्या लेकीची, इराची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता तयार होतो. बारा वर्षं! आणि मी इतकी वर्षं समजत होते की माझी झोपच गाढ आहे.

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"साइटवर दोनदा बघितलंय. एक मोजो काळो, एक निळो."

इरा ओरडली, "आई, ही इज लाइक अ डिटेक्टिव्ह!"

मी उठले आणि त्या माणसाला सोनेरी काठाच्या कपात चहा दिला.

* * *

मग आम्ही सगळ्यांनी मनावर घेतलं. तात्या सगळ्यांची घरं ओळखतात आणि त्यांच्याच घरात त्यांची वस्तू वापरली जात नाही म्हणजे काय!

क्षिप्रा म्हणाली, सुंदर वस्तू पाठवू, काकींना मोह होईल. मंदार म्हणाला, "मोहाचा प्रश्नच नाही. प्रश्न साइझचा आहे. कपाटात मावणारच नाही अशी वस्तू पाठवा."

झालं! इंजिनिअरने कपाटाचं माप मागवलं, कागदावर आकृती काढली आणि तात्यांनी एक भला मोठा गालिचा पाठवला. इथल्या दिवाणखान्यात घालतात तसा, लाल, जाडजूड. घडी घातली तरी कपाटात जाणार नाही याची मंदारने लेखी खात्री दिली.

महिन्याभराने तात्या आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"काय झालं? अंथरला?"

"नाय, वयनी. तिना दुसरा कपाट केल्यान."

मंदार दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

* * *

आणि आता गेल्या दिवाळीचं.

तात्यांच्या नावाची चिठ्ठी आली मला. घरासाठी भेट द्यायची, आणि ज्याला द्यायची त्याच्याकडे एक पलंग आणि एक खुंटी! एगैलाच्या तीन चकरा झाल्या. शेवटी त्या व्हिडिओ कॉलचा नंबर शोधून मी सरळ काकींनाच फोन लावला.

"काकी, तात्यांना काय देऊ? तुम्हीच सांगा."

काकींनी उलट मलाच विचारलं. "तेंका थंडी वाजता काय गो थयसर?"

"वाजते की. खोलीत सहाजण, एसी कायम सोळावर. इतरांपुढे ते काही बोलत नाहीत."

"मगे तू काय घेव नको. मी धाडतंय."

पंधरा दिवसांनी गावाकडचा एक माणूस सुट्टीवरून परत येताना गाठोडं घेऊन आला. मी ते उघडलं नाही. तसंच शुक्रवारी सगळ्यांसमोर तात्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "माझी भेट. पण निवड माझी नाही."

तात्यांनी गाठ सोडली. आत गोधडी होती.

हातशिलाईची, बारीक टाक्यांची. निळ्या चौकड्यांचा तुकडा, तपकिरी, पांढरा, कॉन्ट्रॅक्टरच्या युनिफॉर्मचा विटका खाकी. तात्यांचा हात एका तुकड्यावर थांबला, मग पुढच्यावर.

"हेच्यात पयले कप गुंडाळले होते," ते म्हणाले. "हेच्यात दिवो. ह्यो... ह्यो काचेच्या भांड्यांचो."

बावीस वर्षांचे शर्ट! एकही टाकला नव्हता बाईने. क्षिप्राचे डोळे भरून आले होते आणि मंदार उगाच चष्मा पुसत होता.

इरा गोधडीवर वाकून बघत होती. "बट तात्याकाका, दॅट मीन्स शी ओपन्ड एव्हरी सिंगल बॉक्स!"

तात्या बोटाने एकेक टाका चाचपत राहिले.

"नियम आहे हं, तात्या," क्षिप्रा नाक पुसत म्हणाली. "आजच वापरायची."

त्यांनी गोधडी उघडून खांद्यावरून घेतली. छातीशी आलेल्या तुकड्यावर शर्टाचा खिसा होता, तसाच ठेवलेला, बटणासकट. तिथे हात लागला आणि तात्या थबकले. बटण काढून त्यांनी दोन बोटं आत घातली.

काळ्या दोऱ्यात ओवलेल्या दोन किल्ल्या निघाल्या. काकींच्या दोन्ही कपाटांच्या.

तात्यांनी मूठ मिटली, ती परत उघडून पाहिली, परत मिटली. मग गोधडी तशीच अंगावर ठेवून ते मंदारकडे वळले.

"सायब, नोकरी सोडूचो कागद इंग्लिशीत लिवचो लागता ना? माका लिवन देशात?"