म्हशीचे वरचे दात

परवा दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन माझा अर्धा जबडा बधिर केला. गाल माझाच, पण शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा. मग त्यांनी अंगठ्यानं माझा ओठ वर केला, आणि मला कोल्हापूरजवळचा जनावरांचा बाजार आठवला.

घरची म्हैस मेली होती. माझे वडील, आबा, दुसरी घ्यायला निघाले, तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारा मीही तज्ज्ञ म्हणून सोबत गेलो. शेणाच्या आणि ओल्या वैरणीच्या वासात आबांना एक म्हैस पसंत पडली. त्यांनी दावं हातात घेतलं, एवढ्यात मी पुढे होऊन म्हशीचा ओठ वर केला. तिचा गरम श्वास मनगटावर आला. वर नुसती टणक हिरडी!

"आबा, घेऊ नका! म्हातारी हाय. वरचे दात पडल्यात."

आजूबाजूची माणसं खदाखदा हसली. विकणारा म्हणाला, "पावणं, म्हशीला वर म्होरं दात असत्यात व्हय? कंच्या कालेजात शिकवत्यात ह्ये?"

आबांचा जन्म गोठ्यात गेलेला. ते हसले नाहीत. दावं परत देत म्हणाले, "आमचा पोरगा शिकलाय. त्यो न्हाय म्हणाला, म्हंजे न्हाय."

आबांना माझंच पटलं, असं मी धरून चाललो. म्हैस न घेताच आम्ही परतलो आणि घरात कोरा चहा सुरू झाला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकात म्हशीच्या जबड्याचं चित्र निघालं. वर पुढे एकही दात नव्हता. आबा शेजारीच बसून कोरा चहा पीत होते.

मी पान उलटलं.