थांबायचं कुणी सांगायचं

हरीदादा कुठल्याही घरात शिरण्याआधी दारावर बोटाच्या पेराने ठकठक करायचे आणि क्षणभर कान देऊन उभे राहायचे. दार सताड उघडं असलं तरीही. पहिल्यांदा ते आमच्या पतपेढीत आले तेव्हा माझ्या टेबलाशेजारचं लोखंडी कपाट वाजवून म्हणाले, "बाय, याचा मागचा पत्रा गंजलाय." ते अवजड कपाट हलवून बघायची माझी काही छाती झाली नाही. आजही ते तिथेच उभं आहे.

जासईकडच्या एका यार्डात रिकामे कंटेनर तपासणं हे त्यांचं काम होतं. दिवसभर पत्रे ठोकून ठोकून तो चाळा हाडीमाशी खिळला होता. गॅसचा सिलिंडर, रिक्षाचा टप, जेवणाचं ताट, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्या दिवशी पासबुक भरून होईपर्यंत त्यांची नजर माझ्या हातांवर होती. "तुमची बोटं मेजावर गप बसत नाय. काय वाजवता?" असं त्यांनी विचारलं आणि मी कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगून टाकली. लग्नाआधी मी कीबोर्ड वाजवायची. आता तो माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय.

पुढच्याच रविवारी त्यांनी मला तो माळ्यावरून काढायला लावला. नाझीमभाईंना त्यांनी आधीच गाठलं होतं. नाझीमभाई बरीच वर्षं कुवेतला काढून परतलेले, पनवेलच्या बाजारात चष्म्याचं दुकान, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे गिटार. गायचेही तेच. असा आमचा तिघांचा बँड झाला. सर्वांत तरुण मी, आणि माझीही चाळिशी उलटलेली. हरीदादांच्या गावातल्या घराखाली गाडी लावायच्या जागेत आम्ही जमायचो. त्यांची गाडी तेवढ्या वेळापुरती रस्त्यावर उन्हात तापत असे आणि शेजारी नाकं मुरडत असत.

तरुणपणी हरीदादा गावच्या बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचे. पंचक्रोशीतली एक हळद त्यांनी सोडली नव्हती. पण त्या वाजवण्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा म्हणाले, "नाचनारे लय बगितले, बाय. आपला वाजवना खुर्चीवर बसून आयकनारा एक पन नाय बगितला." एवढंच त्यांचं मागणं होतं. लोकांनी बसावं, गप्प राहावं आणि ऐकावं. त्यासाठी साठीच्या तोंडावर या माणसाने नवा ड्रमसेट घेतला होता.

त्यांची एक खोड मात्र आम्हाला फार छळायची. ते गाणं कधी संपवतच नसत. हळदीच्या मांडवात वाजवणाऱ्याने आपल्या मनाने थांबायचं नाही, ही त्यांच्या पार्टीची रीत. घरातलं कुणी येऊन ड्रमवर हात ठेवील, तेव्हा थांबायचं. "मांडवाची हौस फिटली का नाय, ता आपल्याला काय कलनार? ज्याचा घर त्यालाच कलतं," असं ते म्हणायचे. तालमीतही तेच. शेवटचं कडवं संपलं तरी यांचा ठेका चालूच, आणि आम्ही घाण्याच्या बैलासारखे त्यांच्यामागून गोल गोल फिरत राहायचो. शेवटी वहिनी, म्हणजे हरीदादांची बायको, चहाचा ट्रे घेऊन जिन्याने खाली उतरायच्या, ट्रे गाडीच्या जुन्या टायरवर ठेवायच्या आणि ड्रमवर तळवा टेकवायच्या. "बास. चाय निवतेय." की गाणं संपलं. वहिनींचा चेहरा त्या वेळी अगदी कोरा असे. पण तळवा त्या लगेच उचलत नसत, हे मी पाहून ठेवलं होतं.

खारघरच्या एका मंडळाने आम्हाला त्यांच्या कार्यक्रमात वाजवायला बोलावलं, तेव्हा मी धास्तावले. हॉलमध्ये आम्हाला थांबवणार कोण? नाझीमभाईही चिडले. "हरीभाऊ, खुदा के वास्ते एक शेवट ठरवा. लोक उठून जातील आणि आपण वाजवतच बसू," म्हणाले. हरीदादांना हसू आवरेना. तालीम शेवटापर्यंत केली की मांडवात मजा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. "मी हाय ना. माज्याकडं बगा. मी काठी वर केली का थांबा." एवढ्यावर आमची बोळवण झाली.

कार्यक्रमाआधी ते मला हॉल बघायला घेऊन गेले. स्टेजकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी दोन-चार खुर्च्या ठोकून बघितल्या, मग पुढच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. हात मांडीवर, पाय जुळवलेले, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर पोरं बसतात तसे. बराच वेळ ते रिकाम्या स्टेजकडे बघत राहिले. उठताना त्या खुर्चीच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "ही हिची. येवढी वर्सं नुसती हात ठेवाया आली, एकदा बसून आयकू दे." मी थट्टा केली, की इतकं प्रेम आहे तर हे वहिनींना सांगा. तर म्हणाले, "तिला कशाला सांगायचा? डोक्यावर चरंल ती."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी यार्डात ड्युटीवर असताना त्यांच्या छातीत कळ आली. एका कंटेनरला टेकून खाली बसले ते उठलेच नाहीत. मला नाझीमभाईंचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते, आणि समोरच्या माणसाचं काम पुरं करून दिलं. काय करून दिलं ते आठवत नाही. मग त्या कपाटाच्या आडोशाला भिंतीशी उभी राहून पोटभर रडले.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं वहिनींना भेटायला गेलो. कार्यक्रम रद्द करतो, एवढंच सांगायचं होतं. खाली ड्रमसेटवर कुणीतरी चादर घातली होती. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मांडलेल्या खुर्च्या मला उचलाया लावनार का तुमी? त्याचा ता सामान घेऊन जा आनि वाजवा." त्या स्वतः येणार नव्हत्या. धनी जाऊन महिना झाला नाही आणि बाई गाण्याला गेली, असं गाव बोललं असतं. आम्हीही आग्रह केला नाही. ती कडेची खुर्ची कुणासाठी धरून ठेवायची होती, तेवढं मात्र मी त्यांना सांगितलं.

दुसरा ड्रमवाला आणायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. त्यांचा ड्रमसेट मध्ये मांडला, काठ्या वर आडव्या ठेवल्या आणि दोन्ही बाजूंना आम्ही. हॉल भरला होता. पहिल्या गाण्यात माझा सूर दोनदा घसरला. नाझीमभाईंचा आवाज मात्र कधी लागला नव्हता असा लागला. शेवटचं गाणं आमचं स्वतःचं, मिठागरावरचं. हरीदादांचे वडील मिठागरात राबले होते. हरीदादांनी सांगितलेल्या आठवणींवर नाझीमभाईंनी ते रचलं होतं, आणि त्यात हळदीचा तोच जुना ठेका होता. तो आता वाजत नव्हता, पण माझ्या कानात चालू होता.

शेवटचं कडवं संपलं. आम्ही दोघांनी सवयीने मध्ये पाहिलं. काठ्या आडव्याच होत्या.

आम्ही फिरून धृपदावर आलो. पुन्हा तेच. नाझीमभाई माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे, आणि दोघांच्याही डोळ्यांना धार लागलेली. मला थांबता आलं असतं. बोटं उचलली की झालं. पण मी थांबले तर ते खरंच गेले, असं मला वाटत होतं, आणि ते मला सहन होणार नव्हतं. मी वाजवत राहिले.

तेव्हा पुढच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून कुणीतरी उठलं. डोक्यावरून पदर घेतलेल्या वहिनी. त्या कधी येऊन बसल्या होत्या, मला कळलंच नव्हतं. बाजूच्या पायऱ्यांनी त्या सावकाश स्टेजवर आल्या, आमच्या दोघांकडे न बघता मधोमध गेल्या आणि त्या मुक्या ड्रमवर त्यांनी तळवा टेकवला.

"बास," त्या हळूच म्हणाल्या. "दमला आसंल तो."

आम्ही थांबलो. वहिनींनी हात उचलला नाही. समोर सगळा हॉल गप्प बसला होता, आणि खुर्चीवरून कुणीही उठलं नाही.