राहून गेलेलं टेकाड

मूर्खपणा आधी कबूल करते. वय तेवीस, लेफ्टनंट, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. पोस्टिंग डोंगरातल्या फील्ड हॉस्पिटलमध्ये. हवा विरळ, म्हणून पहिले दोन दिवस फक्त विश्रांती, अशी सक्त ऑर्डर. बाईसाहेब दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला हॉस्पिटलमागच्या टेकाडावर निघाल्या. कोकणातले घाट चढलेली मी, मला कोण शिकवणार? वीस मिनिटांत तोंडावर आपटले. ओठ निळे पडले. नर्सिंग असिस्टंट हवालदार तुकाराम खोतांनी पाठीवर टाकून खाली आणलं. ज्या वॉर्डात ड्यूटी करायची, तिथेच चार दिवस ऑक्सिजनवर होते. जवान विचारपूस करायला यायचे की मजा बघायला, ते मी विचारलं नाही.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा खोतांना सांगितलं, त्या टेकाडावर एकदा स्वतःच्या पायांनी जाणार. ते काय म्हणाले, ते शेवटी सांगते.

अकरा दिवसांनी, १३.२० वाजता, पुढच्या चौकीखाली बर्फाचा कडा कोसळला. खोत स्ट्रेचर पार्टी घेऊन गेले. १४.०५ ला रेडिओवर त्यांचा आवाज आला.

"दोन खाली पाठवले. तिसऱ्यासाठी जातोय. ओव्हर."

आमचे कमांडिंग ऑफिसर म्हणाले, "थांबा. वरचं बर्फ हलतंय. ओव्हर."

"हात दिसतोय सर. ओव्हर."

१५.१० ला तिसरा जवान आला. जिवंत. त्याला सरकत्या बर्फाबाहेर ढकलून खोत आत राहिले होते. ते १६.३० ला आले. चेहरा झाकलेला. मी त्यांचे हात पुसले, त्यांच्या मफलरची घडी घातली आणि तिसऱ्याचं ड्रेसिंग करायला गेले. पुढे माझी बदली झाली. टेकाड राहून गेलं.

आता मी सिल्वासात असते. गेल्या वर्षी मुलगी म्हणाली, इंग्लंडला ये, घरामागे छोटी टेकडी आहे, तिच्यावर जाऊ. माझा एक गुडघा बदललेला. तीन आठवडे मी बिल्डिंगचे चार मजले चढउतार केले. वॉचमन शिरपूरचा. सहाव्या दिवशी त्याला राहवलं नाही. "आजी, रोज काय शोधी राहिल्या तुम्ही?"

टेकडी अगदी साधी. गवत, मेंढ्या, दगडी बांध. अर्ध्यावर दम लागला. मुलगी म्हणाली, "आई, इथूनही छान दिसतंय." म्हणजे परत फिरू. मी घड्याळ लावून दहा मिनिटं दगडावर बसले. ऑर्डर पाळायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. एक म्हातारं कुत्रं मला मागे टाकून गेलं. जाऊ दिलं.

११.५० ला वर पोहोचले. कोणाचा हात न धरता. माथ्यावर जमीनमोजणीचा पांढरा सिमेंटचा खांब होता, छातीएवढा. मी त्याच्यासमोर सावधान उभी राहिले आणि कडक सॅल्यूट केला. मुलीने विचारलं, कोणाला? मग वॉर्डाच्या दारात खोत जे बोलले होते, ते तिला जसंच्या तसं सांगितलं.

"मॅडम, डोंगर काय पळून जात न्हाई. सावकाश या. मी वर थांबतो."